उतरताना मागून घ्या

खाडीच्या तोंडाशी, तरीच्या धक्क्यापासून तीसेक पावलांवर
आमच्या कोंफ्रादीचं कोपेल.
इगर्जी वेगळी. ती टेकडीवर, पाद्रीची.
हे रापणकारांचं, माडावर चढणाऱ्यांचं, एका न्हाव्याचं.
टोपलीमागे पै पै बाजूला काढून त्यांनी जांभा रचला,
आणि घंटा टांगली ती फुटलेल्या गलबताची.
तिच्यावर अजून कुठल्याशा जहाजाचं अर्धं नाव आहे.

तीन टोले, बाप्या गेला.
दोन, बाईमाणूस.
एक वाजला की सगळं बंदर
दुसऱ्याची वाट बघत थांबायचं.
तो आलाच नाही, की तांडेलांच्या घरातसुद्धा
कालवणाखालचा जाळ मागे ओढायचे.

आत कपाटात लाल खांदेवस्त्रं बावीस,
अंगावर चढतात त्यातली सात.
आणि पेटी. अख्ख्या वाडीत एकच.
तळाला बिजागऱ्या. जायची भरून, यायची रिकामी.
फणसाची आहे, गुणाजी मेस्ताच्या आज्याने केलेली.
मजुरी विचारली तर म्हणाला,
"पैसे नको. तुमची पेटीय आमका नको.
पावसात सरणाची लाकडां सुकी ठेवूक
तुमची पडवी होयी."
अजून आहेत. पश्चिमेच्या भिंतीला, ताडपत्रीखाली, आंब्याची.
गेल्या वर्षी विंचू निघाला त्यातून.

मी इस्क्रिव्हांव, म्हणजे वही सांभाळणारा.
सत्तावीस वर्षं वेंगुर्ला डेपोत कंडक्टर होतो,
सुट्ट्या पैशांचं मला कोणी शिकवू नये.
ह्या वहीत कोण मेलं ते एका ओळीत,
आणि कोण आलं नाही त्याला पानं.
कायतान रापोज. खांदा दिला नाही. दंड दोन आणे. भरला.
मिंगेल आल्मेद. हिवताप. माफ.
बावतीस पिंत. खांदा दिला नाही. दंड दोन आणे.
पुढची जागा कोरी.

मंगळवारी बावतीसाची नात आली, इस्पेरांस,
बोरिवलीहून, पायांत पांढरे बूट, गुडघ्यापर्यंत चिखल.
म्हणाली, पप्पा जाताना दोनदा बोलले,
आजोबांचं कोंफ्रादीकडे काहीतरी राहिलंय.
पाचशेची नोट पुढे केली.

मी पान काढलं. कसर पळाली.
जुलै अठ्ठेचाळीस. मयत: साल्वादोर पिंत.
"हे कोण?"
भाऊ, मी म्हटलं. सख्खा. पाठचा.
वांधा एका माडाचा. तो बघ, खिडकीतून दिसतो,
दर्याकडे झुकलेला. आता त्याला पाडेली चढत नाही,
पडतात ते नारळ माकडं नेतात.

ती बराच वेळ माडाकडे बघत होती.
मग पेटीकडे. मग झाकण उचलून, का कोण जाणे,
बिजागरी एकदा उघडून मिटली.
करकरली. तेल द्यायला हवं.

दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे, मी सांगितलं.
"सुट्टे नाहीत," ती म्हणाली.
माझ्याकडेही नव्हते.
दान द्यायचं तर पेटारी तिकडे आहे, म्हटलं,
हा दंड आहे, दंड जेवढा तेवढाच घेतात.

मग कोऱ्या जागेत लिहिलं: भरला, नातीने.
त्याच्या आधीचं 'खांदा दिला नाही'
तसंच राहिलं. ते शाईचं आहे,
आणि खरंही आहे.

तरवाला हाका मारत होता, भरती उतरणीला लागलेली.
नोट मी त्याच पानात ठेवली,
आणि जुन्या सवयीने एका चिठोऱ्याच्या पाठीवर
बाकी लिहून दिली:
चारशे नव्व्याण्णव रुपये साडेसत्त्याऐंशी पैसे.
खाली सही, तारीख.

कधी? तिने विचारलं.

तोंडातून निघून गेलं ते
सत्तावीस वर्षं गर्दीत म्हणत आलो तेच:
उतरताना मागून घ्या.